सेकंदाचं व्याज

बँकेत मी मुदत ठेवींच्या टेबलावर होतो तेव्हाची गोष्ट. किराणा दुकान असलेले एक खातेदार पावतीचं नूतनीकरण करायला आले आणि म्हणाले, "साहेब, वर्षाकाठी व्याज लावण्यापेक्षा तिमाही लावलं की दोन पैसे जास्त पडतात. मग रोज लावलं तर? तासाला लावलं तर? असं बारीक बारीक करत गेलं तर माणूस कोट्यधीश होईल का हो?" मागे रांग होती. मी हसून शिक्का मारला, पावती हातात दिली. प्रश्न मात्र डब्याच्या पिशवीतून घरी आला.

रात्री जेवणं झाल्यावर भाच्याचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर धरला द.सा.द.शे. शंभर, म्हणजे सावकारालाही लाज वाटावी असा. शंभर रुपयांचे वर्षाअखेर दोनशे होतात. सहामाही व्याज लावलं तर २२५. तिमाहीनं २४४ रुपये १४ पैसे, दरमहा २६१ रुपये ३० पैसे, रोज लावलं तर २७१ रुपये ४६ पैसे. वाढ होत होती, पण दम लागलेल्या माणसासारखी. तासाला व्याज लावलं, म्हणजे वर्षाचे ८,७६० तुकडे केले, तरी २७१ रुपये ८१ पैसेच. मिनिटाला लावल्यावर २७१ रुपये ८९ पैसे. आणि सेकंदाला लावलं तेव्हा उत्तर आलं २७४ रुपये ३३ पैसे.

मी ताडकन उठून बसलो. दिवसाचा तास केला तेव्हा पस्तीस पैसे वाढले, तासाचं मिनिट केलं तेव्हा आठ, आणि मिनिटाचा सेकंद केल्यावर एकदम अडीच रुपये? माझी खात्री झाली, की काळाला कण असला पाहिजे. पोत्यातली साखर दुरून सलग दिसते, मुठीत घेतली की दाणे लागतात, तसा काळ सेकंदाच्या आसपास दाणेदार होत असणार आणि तिथं गणिताची चाल बदलत असणार. बारा फुलस्केप पानं लिहून काढली. शीर्षकसुद्धा दिलं होतं. ते आता सांगत नाही.

ती पानं घेऊन मी एका कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी पहिलं पान अर्ध्यापर्यंत वाचलं, म्हणाले, "हे बारावीला असतं," आणि पानं परत केली. चहाही विचारला नाही, पण ते असो. पुढे दोन महिन्यांनी आमच्या वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी भीतभीत तीच पानं दाखवली. त्यांनी कॅल्क्युलेटर मागवला, दहा मिनिटं खुटखुट केली आणि विचारलं, "पडद्यावर आलेला आकडा तुम्ही कागदावर उतरवून पुन्हा टाकत होता का?" होतोच. "मग हे बघा. एका सेकंदाचं व्याज एक रुपयाला ०.००००००० आणि पुढे ३१७ असं काहीतरी येतं. तुमच्या पडद्यावर दहाच घरं. एकमध्ये ते मिळवलं की यंत्र ३१७ चं ३२ करून टाकतं. एवढ्याशा फरकाचा तुम्ही तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार वेळा गुणाकार केलात. काळाला कण नाहीत काका, तुमच्या यंत्राला दात कमी आहेत."

खरं उत्तर २७१ रुपये ८३ पैसे. मिनिटाला लावा, सेकंदाला लावा, निमिषाला लावा, त्यापुढे पैसुद्धा सरकत नाही. हाच प्रश्न याकोब बर्नुली नावाच्या स्विस गणितज्ञानं १६८३ च्या सुमारास विचारला होता, आणि तोही व्याजावरूनच. २.७१८ पासून सुरू होणाऱ्या त्या संख्येला पुढे ऑयलर या गणितज्ञानं 'ई' हे अक्षर दिलं. "तुम्ही ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं तो आला होता," असं शिक्षक म्हणाले. त्या वाक्यावर मी कित्येक वर्षं जगलो.

प्राध्यापकांचं चुकलं नव्हतं. ते खरोखरच बारावीला असतं. पण त्यांनी मला माझी जागा दाखवली, आणि शिक्षकांनी चूक. या दोन्हींत फरक आहे, आणि मला जे म्हणायचंय ते या फरकावरच उभं आहे. काळ म्हणजे काय, अनंत म्हणजे काय, हे प्रश्न पडायला पदवी लागत नाही. व्याज लावताना, प्रेत उचलताना, पंचांग बघताना, रात्री गच्चीवर पडल्यावर ते कुणालाही पडतात. पण ते कुठं विचारायचे याची सोय मराठी मुलखात जवळजवळ नाही. आणि जिथं विचारायला जागा नसते तिथं लोक विचारणं थांबवत नाहीत. ते बारा पानं लिहितात, स्वखर्चानं छापतात आणि लग्नात अहेर म्हणून वाटतात.

आपल्याकडे या प्रश्नांवर दोन झाकणं आहेत. शाळेतलं झाकण म्हणतं, "ते परीक्षेला नाही." घरातलं झाकण म्हणतं, "ते आपल्या बुद्धीपलीकडचं आहे," आणि वर एखादा शांतिमंत्र म्हणून मोकळं होतं. पहिलं आळसाचं, दुसरं भक्तीचं, पण आवाज सारखाच येतो. दुसऱ्याला अलीकडे एक चकचकीत मूठ बसली आहे. अनंत? ते आपल्याकडे आधीच होतं. विषय संपला.

होतं, हे खरंच आहे. पण काय होतं ते बघायला कुणी जात नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आहे. त्या राशीत कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, तिला काही होत नाही. जसं सृष्टीच्या वेळी प्राणिमात्र बाहेर पडतात, लयाच्या वेळी आत शिरतात आणि अच्युत अनंत तसाच राहतो. उपमा इतकी सुंदर आहे की बहुतेक लोक तिच्यापाशीच हात जोडून थांबतात. पण त्याच माणसानं लीलावतीत एक उदाहरण घातलंय: एका संख्येला शून्यानं गुणा, त्यात त्याचंच निम्मं मिळवा, तिनानं गुणा, शून्यानं भागा, उत्तर ६३ येतं, तर ती संख्या कोणती? उत्तर आहे १४. चौदा अधिक सात एकवीस, तीन गुणिले एकवीस त्रेसष्ट. म्हणजे वरचं शून्य आणि खालचं शून्य त्यांनी चक्क उडवलं. आजच्या शाळेत कुणी असं केलं तर पेपरावर लाल रेघ येईल. पण शून्याच्या जागी 'शून्याच्या अगदी जवळची राशी' असं वाचलं तर उत्तर बिनचूक आहे आणि त्याची दिशा पुढच्या काळातल्या कलनशास्त्राकडे, म्हणजे कॅल्क्युलसकडे, जाते. आता यात भास्कराचार्य चुकले की काळाच्या पुढे होते? या प्रश्नावर एक अख्खी संध्याकाळ सुरेख भांडण होऊ शकतं. "आपल्याकडे होतं" म्हणणाऱ्यांना ते भांडण नको असतं, त्यांना फक्त पावती हवी असते.

भास्कराचार्यांच्या बाबतीत मला त्याहून मोलाची वाटणारी गोष्ट गणिताची नाहीच. चाळीसगावजवळ पाटण इथं एक शिलालेख आहे, भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला आणि १२०७ मध्ये स्थानिक सामंतानं त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा वरचा भाग संस्कृत आहे. देणग्यांचा तपशील मात्र मराठीत, कारण तो बाजारातल्या लोकांना कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असं त्यात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका पेठेत कुणी मिरी-कापड विकत घेतलं की त्यातला वाटा शून्य, अनंत आणि ग्रहगतींच्या अभ्यासाकडे जायचा. "इथं प्यायला पाणी नाही, एसटी वेळेवर नाही आणि तुम्ही अनंत घेऊन बसलात," असं मला पुष्कळजण ऐकवतात. पाटणच्या पेठेतसुद्धा दुष्काळ पडत असणारच.

आता दुसरी बाजू, म्हणजे आमची, हौशी लोकांची. आमच्या जमातीत एक रोग आहे. आम्हाला उत्तर नको असतं, शिक्कामोर्तब हवं असतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ काळ नावाची गोष्टच नाही असं सिद्ध करून बसलेत. त्यांचं आवडतं वाक्य: "आइन्स्टाईनसुद्धा पेटंट ऑफिसात कारकूनच होता की!" होता. पण तो झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकून आलेला होता, आणि १९०५ चा त्याचा लेख त्या काळच्या आघाडीच्या संशोधनपत्रिकेत छापून आला होता. कारकुनी हा त्याच्या विद्वत्तेचा पुरावा नव्हता. तसं असतं तर आमच्या शाखेतून चार-पाच नोबेल गेले असते.

काळाविषयी नवं काही सांगणाऱ्याला मी आता एकच हिशेब विचारतो. मोबाइलचा नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो ते जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटरवर फिरतात. तिथं गुरुत्व कमी, म्हणून तिथली घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) पुढे जातात. वेगामुळे ती ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी ३८. एवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरांहून जास्त जातो. ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली नसती तर एका दिवसात नकाशाचा हिशेब तेवढ्यानं ढळायला लागला असता आणि स्वारगेटला उतरायचा माणूस हडपसरच्या पलीकडे सापडला असता. तुमचा सिद्धांत हे ३८ मायक्रोसेकंद देतो का? देत असेल तर बसा, चहा मागवतो. नसेल तर आधी तो हिशेब जुळवा. बँकेत रात्री आठपर्यंत एका रुपयाच्या फरकासाठी थांबलोय मी, मला यात काही अपमान वाटत नाही.

बहुमताच्या विरुद्ध जाऊच नये असं मात्र माझं म्हणणं नाही. जयंत नारळीकरांचंच उदाहरण घ्या. विश्वाला आरंभ नाही, काळ मागेही अनंत आहे, हे मत त्यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडलं. १९६५ मध्ये विश्वातल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ विश्वाला आरंभ आहे असं सांगणाऱ्या महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी हट्ट सोडला नाही, पण प्रत्येक वेळी नवं निरीक्षण गणितात बसवायचा प्रयत्न केला. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित मांडणी पुढे ठेवली. बहुमत बदललं नाही. तरी त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नाही, कारण त्यांचा हिशेब टेबलावर उघडा पडलेला असायचा, कुणीही येऊन तपासावा.

त्याच नारळीकरांची एक पद्धत होती. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते वहीत सही करत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. आणि पाठवत. मला या पद्धतीत सगळं धोरण दिसतं. पोस्टकार्डावर बारा पानं मावत नाहीत. तिथं सिद्धांत लिहिता येत नाही, प्रश्नच लिहावा लागतो, आणि प्रश्न लहान करताना अर्ध्या वेळा तो आपोआप सुटतो. दुसऱ्या बाजूला उत्तर देणाऱ्यालाही मर्यादा येते. विद्वानांना सरसकट झोडपण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे अशी बाडं खरोखर ढिगानं येतात आणि प्रत्येकातली चूक शोधायची तर आयुष्य पुरायचं नाही. पण पोस्टकार्डाला उत्तर देता येतं.

हे एका मोठ्या माणसाच्या भलेपणावर सोडायची गरज नाही. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, गावोगाव अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. निवृत्त शिक्षक तर प्रत्येक गल्लीत आहेत आणि दुपारी त्यांना वेळ जाता जात नाही. (काळाच्या सापेक्षतेचा हा प्रयोग घरोघरी चालू असतो.) प्रत्येक वाचनालयात एक प्रश्नवही ठेवायची आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्यातल्या प्रश्नांना द्यायची, इतकंच मागणं आहे. उत्तर मराठीत, लेखी, सहीनिशी. इंग्रजीत ही माहिती हवी तेवढी आहे, पण 'आहे' आणि 'माझ्या चुकीला कुणीतरी बोट लावलं' यात अंतर पडतं. व्याख्यानांनीही ते भागत नाही, कारण व्याख्यानात प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत विचारायचे असतात आणि त्यातली तीन मिनिटं आभारात जातात.

हे जमतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. नारायणगावजवळ खोडद आणि त्याच्या आसपास एका रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना पसरल्या आहेत. मेलेल्या ताऱ्यांचे ठोके ऐकून त्यांचाच घड्याळासारखा उपयोग करायचं काम तिथं चालतं. २०२३ मध्ये अशा घड्याळांवरून अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा पुढे आला त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आसपासच्या गावांतले लोक तिथं हजारांनी जातात. द्राक्षं आणि टोमॅटो पिकवणारी माणसं ठोक्यांचा हिशेब विचारतात आणि तिथले लोक तो सांगतात. वर्षातून एकदा होतं ते महिन्यातून एकदा का होऊ नये?

आमच्या वाचनालयात मी अशी वही ठेवली. पहिले तीन महिने त्यात फक्त एका सभासदाची पंख्याबद्दलची तक्रार होती. मग एका भाजीवाल्या मावशींनी लिहवून घेतलं: "पंचांगात दिवस उजाडल्यावर बदलतो, मग तारीख रात्री बाराला का बदलते? झोपेत कुणी बदलायला सांगितली?" याचं उत्तर देताना आम्हाला मुंबईची जुनी वेळ उकरून काढावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ लागली तेव्हा मुंबईचं स्वतःचं घड्याळ तिच्या ३९ मिनिटं मागे होतं आणि शहरानं ते सहजासहजी सोडलं नाही. घड्याळात किती वाजले हा माणसांनी केलेला करार असतो, इथपर्यंत सगळ्यांचं जुळलं. कराराच्या खाली जे वाहतं ते काय, यावर वाद पेटला आणि शिपायानं दिवे घालवले.

सगळ्यात अवघड प्रश्न नववीतल्या एका मुलीचा आला. शून्य दशांश नऊ नऊ नऊ असं कधीच न संपता लिहिलं तर ती संख्या एक असते, की एकाच्या जवळ जात राहते? वर्गात "एकच असते, लिहून घ्या" असं उत्तर मिळालं होतं. एकतृतीयांश म्हणजे ०.३३३…, त्याची तिप्पट ०.९९९…, आणि एकतृतीयांशाची तिप्पट एक, हे तिला ठाऊक होतं आणि तरी पटत नव्हतं. आमच्या त्या निवृत्त शिक्षकांनी तिला तिचंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. "जवळ जात राहते. कोण जातं गं? संख्येला पाय आहेत का?" ती गप्प झाली, मीही झालो. कारण माझ्या बारा पानांत तीच चूक होती. व्याज "वाढत जातं", नऊ "येत राहतात", मोजणी "संपत नाही". अनंताबद्दल बोलताना आपण प्रत्येक क्रियापदातून काळ आत घुसवतो आणि मग अनंत कधी पुरं होणार म्हणून खोळंबून बसतो. ०.९९९… कुठंही जात नाही. सगळे नऊ आत्ता, इथं, एकदम आहेत, आणि ती संख्या एक आहे. गेऑर्ग कॅन्टर या जर्मन गणितज्ञानं १८७४ पासून हेच धाडस केलं. न संपणारी रांग पुरी झालेली वस्तू म्हणून हातात घेतली आणि एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठं असू शकतं हे दाखवलं. त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत तर बर्लिनचे नामांकित गणितज्ञ होते. तेव्हा नववीतल्या मुलीला पटायला आठ दिवस लागले तर बिघडलं नाही.

माझा जुना प्रश्न मात्र अजून उघडाच आहे. गणितात सेकंदाचे हवे तितके तुकडे होतात, पण निसर्गात होतात का? २०२० मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी हायड्रोजनचा रेणू ओलांडायला प्रकाशाला लागणारा वेळ मोजला, तो २४७ झेप्टोसेकंद, म्हणजे शून्य दशांश शून्य असं वीस घरांत… नको, घरं मोजताना एकदा तोंडघशी पडलोय. त्याच्याही खाली जिथं काळ दाणेदार असेल अशी शंका सिद्धांतवाले घेतात ती जागा इतकी खोल आहे की तिथं कुठलंच घड्याळ पोहोचलेलं नाही. तेव्हा काळ दोरी आहे की मण्यांची माळ, हे त्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नसतं. बारावीला ते नसतं.

गेल्या दिवाळीत मी त्या किराणा दुकानात गेलो होतो. म्हातारे गल्ल्यामागे खुर्चीवर बसलेले, धंदा मुलगा बघतो. ओळख दिली आणि म्हटलं, "शेठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. दर क्षणाला व्याज लावलं तरी शंभराचे दोनशे एकाहत्तर रुपये त्र्याऐंशी पैसेच होतात, वर छदाम नाही." त्यांनी कानाजवळचा हात खाली घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "ते असू दे. पण शंभर टक्के देणारी बँक कुठली ते सांग."